साप वयात आला, हे काटा सांगतो

अमेरिकेत कॉर्न स्नेक पाळणाऱ्यांना एक आडाखा तोंडपाठ असतो: तीन वर्षं, तीन फूट, तीनशे ग्रॅम. मादीने हे तिन्ही आकडे गाठल्याशिवाय तिची नराशी गाठ घालायची नाही. कॉर्न स्नेक हा आपल्या धामणीचा लांबचा भाऊबंद, नारिंगी-तांबडा आणि बिनविषारी. या तीन आकड्यांत सगळ्यात बोलका आकडा शेवटचा, म्हणून सापवाल्यांच्या घरी स्वयंपाकघरातला वजनकाटा हमखास सापडतो. (तो पुन्हा कणकेसाठी वापरत नसावेत, अशी आशा करू या.)

वजनाला एवढं महत्त्व का? अंड्यातला पिवळा बलक म्हणजे पिल्लाची दोन महिन्यांची शिदोरी. मादीच्या यकृतात त्या बलकाचा कच्चा माल तयार होतो, आणि त्याला लागणारी चरबी बहुतेक सापांत आधीच्या महिन्यांत साठवलेली असते. पोटात अंडी वाढू लागली की कित्येक माद्या खाणंच सोडतात. म्हणजे घरातलं कार्य रोजच्या मिळकतीवर नाही, गाठीला असलेल्या पुंजीवर काढायचं. फ्रान्समधल्या अ‍ॅस्प व्हायपर या विषारी सापावर नोलो आणि बोने या संशोधकांनी 1996 साली हेच दाखवून दिलं. अंगावरचा साठा ठराविक पातळीच्या खाली असेल, तर मादी त्या वर्षी प्रजननाच्या वाटेलाच जात नाही. पुंजी जमेपर्यंत ती एखाद-दुसरं वर्ष थांबते.

मग खाऊ घालून वजन वाढवलं की झालं? इथेच हौशी लोक फसतात. सारखे उंदीर भरवले तर दीड वर्षाची मादीही तीनशे ग्रॅम भरते आणि अंडीही धरते. पण शरीराचा सांगाडा पुरता वाढलेला नसेल, किंवा चरबीने स्नायू ढिले पडले असतील, तर अंडी आत अडकतात. वेळेवर पशुवैद्य मिळाला नाही तर मादी दगावते. म्हणून काट्यावरच्या आकड्याबरोबर अंगही बघावं लागतं. पाठीचा कणा धारदार वर आलेला दिसला तर साप उपाशी आहे. वळताना कातडीला घड्या पडत असतील आणि शेपटीच्या मुळाशी गोळे दिसत असतील, तर तो लठ्ठ आहे. यातली कोणतीही मादी त्या हंगामापुरती बाजूला ठेवावी. नराचं मात्र सोपं असतं. शुक्राणू बनवायला फारशी पुंजी लागत नाही, त्यामुळे तो लहान आणि हलका असतानाच तयार होतो.

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या भागातला बॉल पायथन हा छोटा अजगर जगभर पाळला जातो. त्याची मादी साधारण दीड किलोची झाल्यावरच जोडीला लावतात, नर मात्र सहा-सातशे ग्रॅमला पुरतो. अनुभवी लोक मादीची सोनोग्राफी करून घेतात. आपल्याकडे मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या घरांना ‘फॉलिकल स्टडी’ हा शब्द नवा नाही: अंडाशयात अंडं जिच्यात वाढतं ती पिशवी म्हणजे फॉलिकल, आणि तिची वाढ मोजत राहायची. इथेही तोच प्रकार. फरक इतकाच, की बाईचं फॉलिकल दोन सेंटिमीटरच्या आसपास फुटतं आणि या अजगरिणीचं चार सेंटिमीटरच्या घरात जातं. सोनोग्राफीशिवायही काही खुणा दिसतात. आधी वखवखून खाणारी मादी अचानक अन्नाकडे पाठ फिरवते, पेटीच्या गार बाजूला जाऊन बसते, पाण्याच्या भांड्याभोवती वेटोळं घालते. मग एक दिवस तिच्या अंगाच्या मधोमध मोठा फुगवटा येतो, जणू न दिलेला उंदीर तिने गिळलाय. फॉलिकल सुटल्याची ही खूण दिवसभरात ओसरते, आणि नवख्यांच्या नजरेतून नेमकी तीच निसटते. त्यानंतर मादी एकदा कात टाकते आणि पुढे साधारण महिनाभरात अंडी घालते.

हा अजगर आपल्याकडेही लोक पाळतात. पण 2022च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याने अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते, आणि पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. नाग, धामण, अजगर हे देशी साप तर घरी ठेवताच येत नाहीत.

कॉर्न स्नेकला आणखी एक गोष्ट लागते: थंडी. दोन-तीन महिने उपाशीपोटी, दहा-बारा अंशांच्या गारठ्यात काढल्यावर मादी कात टाकते, आणि नराला तिचा माग लागतो. हा माग कसला, याचं उत्तर गार्टर स्नेकवरच्या अभ्यासातून मिळालं. कॅनडात मॅनिटोबामध्ये नार्सिस इथे दर वसंतात हे साप हजारोंनी बिळांतून बाहेर पडतात. मादीच्या कातडीवर मिथाइल कीटोन जातीची रसायनं असतात आणि नर ती जिभेने ओळखतो, हे रॉबर्ट मेसन आणि सहकाऱ्यांनी 1989 साली मांडलं. तेव्हा काटा, सोनोग्राफी सगळं करून झाल्यावरही शेवटचा निकाल नराच्या जिभेचाच.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, मादी एकटीच ठेवली की चिंता मिटली. अमेरिकेतल्या लुईव्हिल प्राणिसंग्रहालयातही तसंच वाटलं असणार. तिथल्या थेल्मा नावाच्या जाळीदार अजगरिणीने नराचं तोंडही न पाहता 2012 साली 61 अंडी घातली. त्यातून सहा पिल्लं निघाली, सगळ्या माद्या.