पाय भरून येण्यात लॅक्टिक ॲसिडचा दोष नाही

गड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय’, असं जिमपासून ट्रेकच्या ग्रुपपर्यंत सगळे ठामपणे सांगतात. ते चूक आहे. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे या ॲसिडचं शरीरातलं रूप, साधारण तासाभरात ओसरतं. हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. हे दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं.

खरं कारण उतारात आहे. उतरताना शरीराचा वेग आवरण्यासाठी मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. त्यात तंतूंना सूक्ष्म इजा होते. १९८३ च्या एका प्रयोगात सपाटीवर धावणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं, पण पाय दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांचं वाढलं नाही, तरी दुखले! तेव्हा ‘ॲसिड काढायला’ म्हणून पाय रगडून घेऊ नका. हलकं चालत राहा.