भांगेची झिंग आणि नाडीची गती : पार्श्वभूमी

पणजीच्या चर्चजवळील उद्यानाला ज्यांचे नाव आहे, ते गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आले आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात एक प्रकरण भांगेवर आहे. भांगेची पाने कुटून तिच्यात सुपारी, जायफळ, जायपत्री, लवंग, कापूर आणि कधी अफूही घालतात, ती घेतलेला माणूस आपल्या चिंता विसरतो आणि उगाच हसत सुटतो, असे ओर्ता सांगतात. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्यांचे जाणे-येणे असल्यामुळे घाटावरचा मुलूखही त्यांच्या चांगल्या माहितीचा होता. तिथे बराच काळ त्यांच्यासोबत असलेल्या एका पोर्तुगीज विदूषकाची हकिकत त्यांनी दिली आहे. त्याने भांगेच्या पाकाचे एक-दोन तुकडे खाल्ले, रात्री त्याला झिंग चढली, बोलणे असंबद्ध झाले आणि मग हसण्याऐवजी तो खिन्न होऊन रडू लागला, त्याला मळमळूही लागले. ओर्ता यांची नजर किती बारीक होती हे यावरून दिसते. तरीही त्या रात्री विदूषकाची नाडी कशी चालली होती, हे मात्र त्यांनी लिहून ठेवलेले नाही.

हा दोष एकट्या ओर्तांचा नव्हे. भांग आणि गांजा यांचा रक्तदाबावर व हृदयावर काय परिणाम होतो, हा प्रश्न आज गंभीरपणे विचारला जात असला, तरी गेल्या चार शतकांत ज्यांनी ज्यांनी या वनस्पतीकडे पाहिले, त्यांनी प्रामुख्याने माणसाच्या डोक्याकडे पाहिले. वेड लागते का, माणूस गुन्हा करतो का, आळशी होतो का, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. छातीकडे लक्ष जायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आपल्या वैद्यकातही ही फट दिसते, आणि ती अधिक बोलकी आहे. शार्ङ्गधरसंहितेत भांगेला अफूच्या जोडीने ‘व्यवायी’ म्हटले आहे, म्हणजे पचन होण्याआधीच सगळ्या शरीरात पसरणारे द्रव्य. नाडीपरीक्षेचे विवेचन करणाऱ्या आद्य आयुर्वेदीय ग्रंथांत याच संहितेची गणना होते, आणि दोन्ही विषय तिच्या एकाच पूर्वखंडात आले आहेत. भांग शरीरभर झपाट्याने फिरते हे ठाऊक होते आणि मनगटावर तीन बोटे ठेवून शरीराचा हालहवाल ओळखण्याची विद्याही हाताशी होती. भांग घेतलेल्याची नाडी नेमकी किती वाढते, याची मोजदाद मात्र परंपरेने केली नाही.

१८३९ साली कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने गांजाच्या अर्काचे प्रयोग प्राण्यांवर आणि नंतर धनुर्वात, पटकी, पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश अशा रोग्यांवर केले आणि पाश्चात्त्य वैद्यकात या वनस्पतीला जागा मिळवून दिली. पुढे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने १८९३-९४ मध्ये अकराशेहून अधिक साक्षीदार तपासले आणि सात खंडांचा अहवाल दिला. मर्यादित सेवनाने फारसे नुकसान होत नाही, अति सेवन मात्र घातक, असा त्याचा एकंदर सूर होता. या आयोगाचा मोठा वेळ वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी पडताळण्यात गेला, कारण गांजाने वेड लागते हा त्या काळचा मुख्य आरोप होता. रक्तदाबाबद्दल त्यांना विचारताही आले नसते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिवा-रॉची यांचे यंत्र १८९६ साली आले, म्हणजे अहवालानंतर दोन वर्षांनी, आणि स्टेथोस्कोपने वरचा व खालचा दाब ऐकण्याची कोरोत्कॉव्ह यांची पद्धत १९०५ साली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे असल्याने या चौकशीच्या कक्षेत तो नव्हताच.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढच्या दहा वर्षांत कळंगुट, हणजूण, वागातोर या किनाऱ्यांवर हिप्पींचा राबता सुरू झाला. हिमालयाच्या पायथ्याकडचा चरस आणि दक्षिणेकडचा गांजा इथे त्यांच्याबरोबर पोचला. गोव्यातील मराठी वाचकाला हा सगळा इतिहास ‘ड्रग्जचा प्रश्न’ म्हणून परिचित आहे. छापा, जप्ती, अटक, जामीन एवढ्या शब्दांतच तो आपल्यापर्यंत येत राहिला. १९८५ साली अमली पदार्थांविरोधी एनडीपीएस कायदा आला आणि त्याने चरस (राळ) व गांजा (फुलोऱ्याचे शेंडे) यांना बंदीच्या कक्षेत घेतले. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया व्याख्येबाहेर राहिल्या, म्हणून पानांची भांग आजही राज्याराज्यांच्या अबकारी नियमांवर सोडलेली आहे. हा भेद कायद्याचा आहे. पान असो वा शेंडा, त्यातले मुख्य मादक द्रव्य एकच असते, प्रमाण तेवढे कमी-जास्त.

ते द्रव्य, टीएचसी, १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळे केले. संशोधनासाठी लागलेला चरस पोलिसांनी पकडलेल्या मालातून मिळाला होता. द्रव्य हाती आल्यावर मात्रा मोजून देता येऊ लागली, आणि मग हृदयाचा प्रश्न प्रथमच नीट मांडता आला. १९६८ साली बॉस्टनमध्ये झालेल्या नियंत्रित प्रयोगात गांजा ओढलेल्यांची नाडी वाढते हे स्पष्टपणे नोंदले गेले. पुढच्या सात-आठ वर्षांत या वाढीचे स्वरूप बऱ्यापैकी उलगडले.

ते स्वरूप असे. धूर आत गेल्यावर काही मिनिटांत हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २० ते ५० ने वाढतात आणि ही गती दोन-तीन तास टिकू शकते. भांग खाल्ली किंवा प्यायली तर परिणाम उशिरा, तासा-दोन तासांनी चढतो आणि जास्त वेळ रेंगाळतो. म्हणूनच ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला रिचवणारा फसतो. शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या मज्जासंस्थेचा जोर टीएचसी वाढवते आणि हृदयाला लगाम घालणाऱ्या मज्जासंस्थेचा जोर कमी करते. प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर औषध आधी दिले तर ठोक्यांची वाढ कमी होते, यावरून हा तर्क पक्का झाला. त्याच वेळी अनेक रक्तवाहिन्या सैलावतात, आणि गांजा ओढणाऱ्याचे लालबुंद डोळे ही त्याचीच बाहेरून दिसणारी खूण.

रक्तदाबाचे वागणे मात्र सरळ नाही. आडवे पडलेल्या किंवा बसलेल्या माणसाचा दाब थोडा वाढतो, आणि तोच माणूस एकदम उभा राहिला की सैलावलेल्या वाहिन्यांमुळे रक्त पायांकडे उतरते व दाब झपकन खाली येतो. किनाऱ्यावर सूर्य मावळायची वेळ असते, वाळूत मांडी घालून बसलेल्या घोळक्यात चिलीम फिरत असते, चिलमीला लावायचा ओला फडका एका हातातून दुसऱ्या हातात जातो. त्यातला एखादा पोरगा पाणी आणायला म्हणून ताडकन उठतो, दोन पावले टाकतो, पांढराफटक पडतो आणि गुडघ्यांवर कोसळतो. भोवतालचे हसतात, ‘चढली’ म्हणतात. त्याला पुन्हा आडवे केले आणि पाय थोडे उंच धरले की मिनिटा-दोन मिनिटांत चेहऱ्यावर रंग येतो, कारण झिंगेपेक्षाही उभे राहताना ढासळलेला दाब हेच कोसळण्यामागचे खरे कारण असते. विशीतल्या निरोगी मुलाच्या बाबतीत गोष्ट बहुधा इथेच संपते. साठीतल्या, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती पडण्यात आणि खुब्याचे हाड मोडण्यात संपू शकते.

आणखी एक गुंतागुंत १९७५ साली बेनोविट्झ आणि जोन्स यांच्या प्रयोगातून पुढे आली. स्वयंसेवकांना सुमारे तीन आठवडे, दिवसाला २१० मिलिग्रॅमपर्यंत टीएचसी तोंडावाटे दिल्यावर शरीर सरावले. ठोके वाढण्याऐवजी मंदावले, रक्तदाब थोडा खाली स्थिरावला आणि उभे राहिल्यावर येणारी भोवळ जवळजवळ नाहीशी झाली. ‘रोज ओढतो, मला काही होत नाही’ असे जुना गांजेकस सांगतो, ते यापुरते खरे आहे. पण त्यावरून गांजा रक्तदाबावरचे औषध आहे असा निष्कर्ष काढणे हा शुद्ध भाबडेपणा आहे, कारण नियमित सेवन अचानक थांबवल्यावर काहींचा दाब वर उसळतो, हेही पुढच्या अभ्यासांत दिसले.

खरा धोका कुठे आहे हे १९७४ सालच्या एका छोट्या प्रयोगाने दाखवले. चालताना छातीत दुखणाऱ्या, म्हणजे अंजायनाच्या दहा रुग्णांना गांजाची एक सिगारेट ओढायला दिली, तेव्हा व्यायाम सुरू केल्यापासून दुखणे उठेपर्यंतचा वेळ जवळपास निम्म्याने घटला. टीएचसी काढून टाकलेल्या सिगारेटने तो सुमारे ९ टक्क्यांनी घटला. हृदय जोरात धावू लागले की त्याला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करतो. ओढणारा धूर छातीत खोल भरून कोंडून धरतो, त्यामुळे हा वायू अधिक शोषला जातो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात तंबाखूच्या तुलनेत गांजाच्या धुराने रक्तातील त्याच्या प्रमाणात जवळपास पाचपट वाढ केलेली आढळली.

हृदयविकाराच्या झटक्याशी थेट सांगड घालणारा अभ्यास २००१ साली आला. अमेरिकेत झटका येऊन वाचलेल्या ३,८८२ रुग्णांना विचारण्यात आले. त्यांपैकी १२४ जणांनी वर्षभरात गांजा ओढला होता आणि ९ जणांनी झटक्याच्या आधीच्या तासाभरात. प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच एरवीच्या सवयीशी केल्यावर पहिल्या तासातील धोका ४.८ पट निघाला आणि दुसऱ्या तासात तो झपाट्याने उतरला. नऊ माणसांवर उभा असलेला हा आकडा आहे, तेव्हा त्याला अचूक प्रमाण न मानता दिशादर्शक मानावे. पण ठोके वाढलेले असतात तेवढाच काळ धोका वर राहतो, ही संगती नजरेआड करता येत नाही.

दरम्यान टीएचसी ज्या कुलपात किल्लीसारखी बसते ते पेशींवरचे सीबी-१ ग्राहक (रिसेप्टर) १९८८ ते १९९० या काळात सापडले. मेंदूत ते मुबलक आहेत, आणि हृदयात व रक्तवाहिन्यांतही आढळतात. १९९२ साली याच कुलपात बसणारा, शरीर स्वतःच तयार करते असा एक पदार्थ सापडला, आणि शोधकांनी त्याला संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून आनंदामाइड असे नाव दिले. हेच ग्राहक बंद करून लठ्ठपणा घटवणारे रिमोनाबँट हे औषध २००६ साली युरोपात आले आणि मानसिक दुष्परिणामांमुळे २००८ साली मागे घ्यावे लागले. लठ्ठपणावर योजलेला उपाय शेवटी डोक्यापाशी अडला.

दीर्घकाळच्या परिणामांबद्दल पुरावा एकमुखी नाही. १९८५-८६ साली अमेरिकेतील चार शहरांत तरुणांची नोंदणी करून चाललेल्या एका अभ्यासात पंचवीसहून अधिक वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही गांजा आणि हृदयविकार यांचा ठोस संबंध दिसला नाही. त्यातील बहुतेकांचे सेवन मात्र तुरळक होते. उलट २०२४ साली ४ लाख ३४ हजार अमेरिकी प्रौढांच्या माहितीवरून रोज सेवन करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता २५ टक्क्यांनी आणि पक्षाघाताची ४२ टक्क्यांनी अधिक आढळली. २०२५ साली २४ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. हे सगळे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. तंबाखू, दारू आणि इतर व्यसने बाजूला काढणे त्यांना पूर्णपणे जमलेले नाही, आणि सेवनाची मात्रा तर लोक सांगतील ती धरावी लागते. मालही बदलला आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ साली ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत १२ टक्क्यांवर गेले. म्हणजे जुन्या प्रयोगांतील ‘एक सिगारेट’ आणि आजची एक सिगारेट ही एकच गोष्ट नव्हे.

गोव्यापुरते पाहायचे तर तीन गोष्टी वेगळ्या ठरतात. पहिली वयाची. १९७० साली विशीत असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे, आणि त्या पिढीतले काही पाहुणे परत न जाता इथेच राहिले. दुसरी इथल्या प्रकृतीची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले, आणि मधुमेही माणसाच्या हृदयवाहिन्या आधीच अरुंद असण्याचा संभव अधिक असतो. तिसरी चिलमीची. इथे चरस किंवा गांजा बहुधा तंबाखूत मिसळूनच ओढला जातो, तेव्हा निकोटीन आणि टीएचसी ही दोन्ही एकाच दमात हृदयाला टाच मारतात.

२०२० साली वैद्यकीय वापरासाठी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव गोव्यात चर्चेत आला आणि विरोधानंतर मुख्यमंत्र्यांनी तो स्वीकारला नसल्याचे जाहीर केले. त्या वादात तरुण पिढी बिघडण्याची काळजी बरीच बोलली गेली, तर रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णाने गांजा किंवा सीबीडीचे (गांजातीलच, पण झिंग न आणणाऱ्या द्रव्याचे) तेल घेतल्यास ते औषध शरीरात साचून रक्तस्रावाचा धोका वाढतो, असे प्रश्न जवळजवळ ऐकूच आले नाहीत. छातीत दुखते म्हणून रात्री बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) आणलेल्या माणसाला तंबाखू आणि दारूबद्दल विचारले की नातेवाईक पटापट उत्तर देतात. गांजाचे नाव निघाले की ते पोलीस प्रकरणाच्या धास्तीने एकमेकांकडे पाहतात, आणि शेवटचा झुरका किती वाजता घेतला, ही डॉक्टरांना हवी असलेली एकच गोष्ट सांगायची राहून जाते.