कारखाना बंद पडला, तर पुढे काय?

एखाद्या भागातला मोठा कारखाना बंद होणार म्हटलं की पहिला प्रश्न येतो, एकूण किती जणांचा रोजगार जाईल? कारखान्याचा हजेरीपट मोजून याचं उत्तर मिळत नाही. सुटे भाग पुरवणारे, मालवाहतूक करणारे, कामगारांच्या पगारावर चालणारी दुकानं, सगळ्यांनाच झळ बसते.

ही साखळी मोजायची रीत अर्थशास्त्रज्ञ वासिली लिऑन्टिएफ यांनी १९३६ साली मांडली. पुढे १९७३ मध्ये त्यांना याच कामासाठी नोबेल मिळालं. कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो, याचं ते भलंमोठं कोष्टक. समजा, हाती आलेल्या दर १०० रुपयांपैकी ४० त्याच भागात पुन्हा खर्च होतात. मग १००, ४०, १६, ६.४ अशी बेरीज होत एकूण उलाढाल १६७च्या आसपास पोचते. पण प्रदेश जितका लहान, तितका पैसा लवकर बाहेर जातो. देशाचं कोष्टक जसंच्या तसं लहान प्रदेशाला लावलं तर आकडा फुगतो. ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण नुसतं उत्तर पाहून ती ओळखू येत नाही.

शिवाय या कोष्टकात किमती आणि मजुरी हलतच नाहीत. काम गेलेला माणूस जणू कायमचा घरी बसतो. नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ लेफ योहान्सन यांनी १९६० साली मांडलेल्या समतोलाच्या मॉडेलमध्ये, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळेपर्यंत किमती हलतात अशा गणितात, मजुरी उतरते आणि दुसरे उद्योग माणसं घेतात. मात्र मधली वर्षं कशी गेली, हे ते सांगत नाही. ते कळतं अर्थमितीतून, म्हणजे मागच्या वर्षांच्या आकड्यांतून. पण लहान प्रदेशांचे असे सलग आकडे क्वचितच हाती असतात.

म्हणून वॉल्टर आयझर्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पद्धतींची सांगड घालायचा आग्रह धरला. अर्थमितीची समीकरणं मागणीचा अंदाज देतात. कोष्टक ती मागणी उद्योगांत वाटून रोजगार आणि उत्पन्न काढतं. ते उत्पन्न पुन्हा समीकरणांत घालायचं, नवी मागणी काढायची, आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत हे चक्र चालवायचं.

खरी कसोटी या दोन पद्धती जिथे जोडल्या जातात त्या सांध्यावर लागते. कुटुंबांचा खर्च कोष्टकातही धरलेला असतो आणि समीकरणांतही. एकीकडून तो काढला नाही, तर तोच पैसा दोनदा मोजला जातो.