पापाची उतरंड

इटालियन कवी दान्तेने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘इन्फर्नो’ या काव्यात नरकाची नऊ वर्तुळं आहेत, एकाखाली एक. जितकं खाली जावं, तितकं पाप मोठं. वासनेच्या आहारी गेलेले दुसऱ्याच वर्तुळात आहेत. खादाड, कंजूष आणि संतापी त्यांच्या खाली. खुनी सातव्यात. इथवर फारशी कुणाची हरकत नसावी. पण खुन्यांच्याही खाली, आठव्यात, कोण? खुशमस्करे, ढोंगी, लाचखोर, चोर. आणि अगदी तळाशी, जिथे आगीचा मागमूस नाही आणि सगळं गोठलेलं आहे, तिथे बर्फात रुतलेले विश्वासघातकी.

काव्यात दान्ते स्वतःच या नरकातून फिरतो, आणि दुसऱ्या वर्तुळात त्याला फ्रान्चेस्का भेटते. ती नवऱ्याच्या भावाच्या प्रेमात पडली आणि नवऱ्याने दोघांनाही ठार केलं. तिची कहाणी ऐकून दान्तेला भोवळ येते. जाता जाता ती सांगते, आम्हाला मारणाऱ्याची जागा खाली राखून ठेवली आहे. म्हणजे नवव्या वर्तुळात, रक्ताच्या नात्याशी दगा करणाऱ्यांच्या पंगतीत. आजचा वकील ‘रागाच्या भरात घडलं’ म्हणून शिक्षा कमी करून मागेल. दान्ते ती सबब ऐकूनच घेत नाही.

एका कवीची लहर म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण माणसं पाप कसं तोलतात हे मानसशास्त्रज्ञ गेलं शतकभर तपासत आहेत, आणि त्यांच्या हाती लागलेली मापं दान्तेच्या तराजूशी बरीच जुळतात.

पहिलं माप हेतूचं. ज्याँ पियाजेने 1932 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका मुलाने दार ढकललं, दारामागे ठेवलेले 15 कप त्याच्या नकळत फुटले. दुसरा चोरून जॅम काढायला वर चढला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलं बऱ्याचदा 15 कपवाल्याकडे बोट दाखवत. वय वाढलं की बोट जॅमचोराकडे वळे. फुटलेले कप मोजणं सोपं असतं. दुसऱ्याच्या मनात काय होतं ते ओळखायला मेंदूला जादा काम पडतं.

हे काम जिथे चालतं त्यातला एक भाग उजव्या कानाच्या थोडा वर आणि मागे आहे. लिआन यंग, रिबेका सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये त्या जागी चुंबकीय स्पंद देऊन तिथलं काम तात्पुरतं विस्कळित केलं. गोष्टी साध्या होत्या: कुणी विष समजून मैत्रिणीच्या कॉफीत पूड घालतं, निघते साखर, मैत्रीण ठणठणीत. एरवी आपण अशा बाईला माफ करत नाही. स्पंद दिलेले लोक मात्र तिच्याबाबत थोडे सैल झाले. परिणाम छोटाच होता. पण ‘काही वाईट झालं नाही ना’ हा लहान मुलांचा हिशेब मोठ्यांच्या डोक्यातूनही पुरता गेलेला नसतो, हे त्यातून दिसतं.

दान्तेचं दुसरं माप, भरवशाचं, मला जास्त रोचक वाटतं. जोनाथन केलर आणि अँड्र्यू गेरशॉफ यांनी 2003 मध्ये लोकांपुढे दोन एअरबॅगा ठेवल्या. पहिली असताना गंभीर अपघातात मृत्यूची शक्यता 2 टक्के. दुसरी असताना 1 टक्का. पण ती फुगण्याच्या धक्क्यानेच जीव जाण्याची शक्यता आणखी 0.01 टक्का. हिशेबाने दुसरी उघड उघड बरी. तरीही अशा जोड्यांमध्ये बहुतेकांनी जास्त धोक्याची वस्तू निवडली. जी राखण करायला आहे तिनेच मारावं, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. तेवढाच जादा धोका दुसऱ्या कारणाने येतो असं सांगितल्यावर कल उलटला. निर्जीव वस्तूच्या बाबतीत ही गत, तर माणसाच्या बाबतीत काय होणार!

नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या 1850 सालच्या ‘द स्कार्लेट लेटर’ कादंबरीत नेमका असा माणूस आहे. हेस्टरला व्यभिचाराची खूण छातीवर वागवावी लागते. तिचा प्रियकर, धर्मोपदेशक डिम्सडेल, सात वर्षं गप्प राहतो. आणि तिचा नवरा चिलिंगवर्थ नाव बदलून, डॉक्टर म्हणून, त्या उपदेशकाच्याच घरात राहायला येतो. नाडी बघतो, औषध देतो, आणि रोग्याचं मन रोज थोडं थोडं उकरतो. कायद्याच्या लेखी त्याने काहीच केलेलं नाही. पण जंगलात हेस्टर भेटते तेव्हा डिम्सडेल तिला सांगतो, जगातले सर्वांत मोठे पापी आपण नाही. त्या म्हाताऱ्याचा सूड माझ्या पापाहून काळा आहे, त्याने थंड डोक्याने माणसाच्या अंतःकरणाचं पावित्र्य भंगलं. स्वतः गुन्हेगार असलेल्याने असा निवाडा द्यावा याचा जरा संशय येतो खरा, पण वाचक बहुधा त्याच्याच बाजूने असतो.

प्रयोगातल्या गोष्टी चार ओळींच्या असतात. कॉफीत पूड घालणारीला तसं का वाटलं, हात थरथरला का, हे तिथे कुणी विचारत नाही. शेक्सपिअरचा मॅकबेथ राजाच्या खुनाआधी स्वतःच मोजदाद करतो: मी याचा नातेवाईक, याचा प्रजाजन, शिवाय आज याचा यजमान; मारेकरी आला तर दार लावून घ्यायचं काम माझं, सुरी मीच कशी धरू? पायरी किती खालची आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी तो राजाच्या खोलीत जातो. ही जाणीव त्याचं पाप हलकं करते की जड, यावर वाचकांचं एकमत होत नाही. मला ते जड वाटतं.