स्थानिक इतिहासाचे जतन, बेळगाव सीमाभागातील

बेळगाव जिल्ह्यातील मराठी गावांचा, पेठांचा आणि घराण्यांचा इतिहास वाचनालयांतील छापील साहित्य, घरोघरची दप्तरे आणि वृद्धांच्या आठवणी यांतून गोळा करून सांभाळण्याचे काम. येथे ही तिन्ही साधने एकमेकांना लावून पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण कागद एका लिपीत, त्याची पुढची नोंद दुसऱ्या भाषेत आणि त्यामागची हकीकत कोणा आजीच्या तोंडी, अशी स्थिती बहुतेक घरांत आढळते.

कागदांचा ठावठिकाणा : पेशवाई १८१८ मध्ये संपल्यावर हा मुलूख धारवाड जिल्ह्यात गेला व १८३६ मध्ये बेळगाव हा वेगळा जिल्हा झाला. म्हणून त्यापूर्वीच्या इंग्रजी अमदानीतील महसुली पत्रव्यवहाराचा माग धारवाडच्या नावाखाली काढावा लागतो. वतने व इनामे यांसाठी पुण्याचे पेशवे दप्तर आणि इनाम कमिशनचे (इनामांच्या हक्कांची चौकशी करण्यासाठी इंग्रजांनी नेमलेल्या आयोगाचे) कागद पाहावेत. शहापूर आज बेळगाव शहराचाच भाग असले, तरी विलीनीकरणापर्यंत ते सांगली संस्थानात होते. एकाच शहरातल्या शेजारच्या पेठांचे दप्तर त्यामुळे दोन कारभारांत विभागले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून पुढे कोल्हापूर जिल्ह्यात आला. यानंतर महसुली नोंदी कन्नडमध्ये होत गेल्या. आजोबांचे खत मोडीत, वडिलांचा उतारा बाळबोधीत आणि चालू पहाणी पत्रिका (शेताचा सरकारी उतारा) कन्नडमध्ये, अशी एकाच शेताची साखळी जोडण्यासाठी तिन्ही लिप्या वाचणारी माणसे एका टेबलाशी बसवावी लागतात.

वाचनालये : बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना सर्वसाधारणपणे १८४८ ची मानतात. मुंबई इलाख्यात जिल्ह्याच्या ठिकाणी ‘नेटिव्ह जनरल लायब्रऱ्या’ निघाल्या तो हाच काळ असल्याने ही तिथी सुसंगत वाटते. पुढे कायदेशीर चौकट दुभंगली. कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने उपकरावर चालणाऱ्या सरकारी ग्रंथालयांची व्यवस्था आली, तर महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना वर्गवारीनुसार अनुदान देतो. सीमाभागातील वर्गणीवरचे मराठी वाचनालय पहिल्या व्यवस्थेत सहज बसत नाही आणि दुसऱ्या कायद्याच्या हद्दीबाहेर राहते.

स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने या वाचनालयांतील कथा-कादंबऱ्यांपेक्षा इतिवृत्ताच्या वह्या, वर्गणीदारांच्या याद्या, उत्सवांच्या स्मरणिका, शाळांची हस्तलिखिते आणि वृत्तपत्रांच्या फायली मोलाच्या आहेत. १९१९ पासून बेळगावातून निघणारा ‘तरुण भारत’, १९२९, १९४६ व २००० ची अखिल भारतीय साहित्य संमेलने, कडोली व उचगावसारख्या गावांची संमेलने यांचे छापील अवशेष याच वर्गात मोडतात. स्मरणिकेला बहुधा दाखल क्रमांक नसतो. त्यामुळे वार्षिक गणतीत ती दिसत नाही, आणि जागा कमी पडली की जुन्या मासिकांबरोबर प्रथम तीच रद्दीत जाते. दाखल नोंदवहीत ‘स्थानिक’ असा वेगळा विभाग उघडून चार पानी पत्रकालाही क्रमांक देणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहते आणि कागदाला बुरशी धरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे व जमिनीपासून उंच ठेवावे. वेखंडाची पुरचुंडी कसर दूर ठेवण्यास मदत करते, पण वाळवी लागलेल्या भिंतीपुढे ती निरुपयोगी आहे. मोडी कागदावरील काजळाची शाई उजेडाला टिकते, मात्र पाण्याने फुटते. असा कागद ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचे लॅमिनेशन या दोन ‘दुरुस्त्यां’नी केलेले नुकसान बहुधा परत भरून येत नाही.

हेळवी : घराण्यांच्या वंशावळी सांगणारा हा फिरता समाज म्हणजे या भागाचे चालतेबोलते दप्तर. सुगीनंतर हेळवी बैलासह गावात येतो, यजमानाच्या दारात पूर्वजांची नावे, मूळ गाव, भाऊबंदांची पांगापांग म्हणून दाखवतो, नवी जन्मलेली मुले चोपडीत चढवतो व धान्य किंवा पैसा घेतो. नावाच्या व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे ते कन्नड ‘हेळु’ (सांगणे) या धातूपासून आले. व्यवसायाशी ते जुळते म्हणून मराठी लेखनात लोकप्रिय आहे. दुसऱ्या मताप्रमाणे मूळ शब्द ‘हेळव’ (पांगळा) हा आहे. दक्षिण भारतातील जातीजमातींची नोंद करणाऱ्या एडगर थर्स्टनने १९०९ मध्ये दिलेल्या वर्णनात हे लोक पाय घोंगडीने झाकून बैलावर बसून येतात व घराण्यांचा इतिहास सांगतात, असे म्हटले आहे. पांगळ्या भक्ताला बसवण्णांनी बैल दिल्याची कथाही सांगतात. कन्नडमध्ये ‘सांगणे’ या धातूतील ए दीर्घ आहे आणि ‘पांगळा’ या शब्दातील ए ऱ्हस्व. मराठीच्या देवनागरी लेखनात हा भेद दिसत नाही, आणि दोन शब्द एक वाटण्याचे कारण बहुधा तेच. समाजाचे नाव ऱ्हस्व एकाराने उच्चारले जात असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

साधन म्हणून हेळव्याची चोपडी स्थलांतर व भाऊबंदकी यांविषयी भरवशाची आहे, वर्षांविषयी कमी. त्यात पुरुषांची शाखा नोंदली जाते. लेकी व सुना यांची नावे क्वचितच येतात; त्यासाठी जात्यावरच्या ओव्यांकडे वळावे लागते. ओवीत माहेरचे गाव, भावाचे नाव, वाटेवरचे देऊळ असते. पिठाच्या गिरण्या आल्यावर दळण थांबले, म्हणून दळताना गायलेल्या पिढीचे ध्वनिमुद्रण हे सर्वांत तातडीचे काम आहे.

कालनिश्चिती : मोडी कागदांत बहुधा शुहूर सन (जुन्या मराठी दप्तरांतील सौर वर्षगणना) असतो व तो अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ७ + ७० + १०० + १०००, अर्थात ११७७. हे वर्ष जूनच्या आरंभी, सूर्य मृगात गेल्यावर बदलते. म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ व जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवावेत. वरील सन १७७६–७७ चा ठरतो. फसली (महसुली) सनही मृगालाच बदलतो, पण त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे असतात. दोहोंची गल्लत झाली की कागद नेमका नऊ वर्षे सरकतो. सबा (७) व सबैन (७०), सीत (६) व सितैन (६०), तिसा (९) व तिसैन (९०) या जोड्या घाईच्या मोडीत सारख्या दिसतात. तारखेआधीचा ‘छ’ चंद्र दर्शवतो, म्हणजे पुढचा महिना हिजरी आहे.

आठवणींना असे गणित लावता येत नाही, त्यांना खुंट्या लागतात. डिसेंबर १९२४ चे गांधीजींच्या अध्यक्षतेखालील काँग्रेस अधिवेशन व त्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ यांच्या आधी की नंतर, असे विचारावे. १९१८ ची ‘मानमोडी’ (इन्फ्लुएंझाची साथ) आता केवळ ऐकीव स्वरूपात मिळते. तशी स्पष्ट नोंद करावी.

ध्वनिमुद्रण : पहिली बैठक यंत्राविना घ्यावी. गावठाणाचा कच्चा नकाशा काढून घरे ओळीने विचारल्यास आठवण प्रश्नावलीपेक्षा अधिक मोकळी होते. दुसऱ्या बैठकीत ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, असंकुचित (अनकम्प्रेस्ड) स्वरूपात मुद्रण करावे. एका मार्गिकेच्या (मोनो) तासाभराला सुमारे ५२० एमबी जागा लागते. तीन प्रती, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, ही किमान शिस्त. पंखा आणि पत्र्यावरचा पाऊस मुद्रण सर्वाधिक बिघडवतात.

सीमाप्रश्नावरील आंदोलनात १७ जानेवारी १९५६ रोजी झालेल्या गोळीबारासारख्या घटनेची आठवण दरवर्षीच्या हुतात्मा दिनाच्या भाषणांत मुरलेली असते. ‘काय झाले’ असे विचारले की भाषण मिळते. ‘तुम्ही कुठे उभे होता, घरी कोणत्या वाटेने आलात’ असे विचारले की स्वतःचे पाहिलेले बाहेर येते. ते लिहून घेताना ‘करालाय’, ‘जालाय’ ही बोलीतील रूपे व मध्येच आलेले कन्नड शब्द प्रमाण मराठीत बदलू नयेत. सूचीत गावाचे नाव सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे प्रथम द्यावे आणि सरकारी रूप त्यापुढे : हलशी – हलसी, निपाणी – निप्पाणी, चिकोडी – चिक्कोडी, बेळगाव – बेळगावी (१ नोव्हेंबर २०१४ पासून).