रुमाल काळा, डोकं गरम

डिसेंबरात सकाळी नाशिकचं द्वारका सर्कल पार करून ऑफिसला पोचलो की मी आधी तोंड पुसतो आणि रुमाल काळपट होतो. बायकोला दाखवला तर म्हणे, मग घरी येऊन पोरांवर खेकसतोस ते पण ह्याच्यामुळेच का? टोमणाच होता, पण मी वाचत बसलो आणि प्रश्न अगदीच येडा नाही निघाला.

रुमालावर दिसते ती जाडी धूळ, ती बिचारी नाकातच अडकते. खरा त्रास पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण (आपला केस ५०-७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या). हे फुप्फुसात खोल जातात, तिथे दाह होतो आणि त्याची रसायनं रक्तातून मेंदूपर्यंत जातात. शिवाय एक शॉर्टकट आहे. वास घेणाऱ्या नसा नाकातून थेट मेंदूत जातात, आणि सगळ्यात बारीक कण तिथूनच घुसत असावेत असं शास्त्रज्ञांना वाटतं. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञ बार्बरा माहेर यांच्या टीमने मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरमधल्या ३७ मृतांच्या मेंदूचे नमुने तपासले तर त्यात मॅग्नेटाइटचे (लोखंडाचं एक चुंबकीय खनिज) गोल गुळगुळीत कण सापडले. मेंदू स्वतः थोडं मॅग्नेटाइट बनवतो पण ते कोनेदार असतं, असे गोल कण प्रचंड उष्णतेत, जळणातून नाहीतर घर्षणातून तयार होतात.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या वॉचमन पेशी असतात. दाह चालूच राहिला की त्या कायम काठी आपटत फिरतात, आणि अशा दाहाचा डिप्रेशनशी संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास ३ लाख ९० हजार लोकांच्या अभ्यासात जास्त प्रदूषित भागात राहणाऱ्यांना डिप्रेशन आणि अँग्झायटी जास्त आढळली. आता द्वारकाला नुसता धूर नसतो, हॉर्न असतात, सिग्नल असतो, उशीर असतो, त्यामुळे माझ्या खेकसण्यात कुणाचा किती वाटा ते सांगणं अवघडच.

आपल्याकडे पीएम २.५ ची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम, डब्ल्यूएचओ म्हणते ५. त्यात नाशिकची थंडी. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा पण गार, आणि वर गरम हवेचं झाकण बसतं, मग धूर जाणार कुठे, ऊन चढेपर्यंत खालीच. म्हणजे गोदापार्कला पहाटे साडेपाचला "फ्रेश हवा" खायला जाणारे बरोबर झाकणाखालीच चालत असतात. बाबांना म्हटलं नऊनंतर जात जा. तर म्हणाले, नऊला काय वॉक असतो का, नऊला मिसळ असते.