करड्या ताटावरचा लाल रंग

सतराव्या-अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सधन घरांत प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूची ताटं वापरात होती. घराणं मोठं असेल तर ताटाच्या काठावर त्याचं कुलचिन्हही कोरलेलं असे. एक ढाल आणि तिच्यावर सिंह, गरुड किंवा नुसते पट्टे. अशा चिन्हात रंगाला आकाराइतकंच महत्त्व असतं. लाल ढालीवरचा सोनेरी सिंह एका घराण्याचा, निळ्या ढालीवरचा दुसऱ्याचा. पण प्यूटर पडलं करडं. त्यावर लाल दाखवायचा कसा?

त्यासाठी रेघांची एक सुरेख लिपी होती. सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्याने १६३८ मध्ये छापलेली पद्धत पुढे युरोपभर रुळली. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी आणि कोरी जागा म्हणजे रुपेरी. उभ्या-आडव्या रेघांची जाळी दिसली की काळा. काठावरच्या इवल्याशा ढालीला भिंग लावा, तिचे सगळे रंग वाचता येतात.

इतकं बारीक काम जमतं ते धातूच्या मऊपणामुळे. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, आपल्या कल्हईतलंच. ते २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. नुसतं कथील फारच मऊ, म्हणून त्यात थोडं तांबं आणि पुढच्या काळात अँटिमनी घालत. शिसं स्वस्त, त्यामुळे भेसळीचा मोह कायमचा. लंडनच्या प्यूटर कारागिरांच्या संघाने १३४८ मध्येच नियम घातला, की ताटं-थाळ्यांसाठी कथील आणि तांबंच वापरायचं. तपासणीही साधी पण पक्की होती. संशयित धातूची गोळी ठरावीक साच्यात ओतायची आणि त्याच साच्यातल्या चांगल्या धातूच्या गोळीशी तोलायची. कथलाची घनता ७.३, शिशाची ११.३, शिसं जास्त असेल तर पारडं लगेच खाली जाई. आज संग्रहालयांत हेच काम क्ष-किरणांनी, ताटाला ओरखडाही न काढता होतं.

मऊपणाचा तोटाही आहेच. जेवताना सुरी ताटावरच चाले, म्हणून मधला भाग ओरखड्यांनी भरलेला असतो आणि काठावरचं चिन्ह त्यामानाने शाबूत राहतं. ताट फारच झिजलं की ते वजनावर कारागिराला देऊन नवं ओतून घेत. अशी किती कुलचिन्हं वितळून गेली असतील!

म्हणून हाती आलेलं जुनं ताट घासूनपुसून लखलखीत करू नये, असं मला कळकळीने वाटतं. काळसर थराबरोबर या उथळ रेघाही झिजतात, आणि रेघा गेल्या की लाल-निळ्यातला फरकच संपतो.